जुन्या गाडीचा रोजमेळ

धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर दुकानासमोर नवी गाडी येते, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते आणि त्याच संध्याकाळी वखारीच्या भिंतीलगत उभ्या असलेल्या जुन्या हिरो होंडाचे काय करावे, हा विषय घरात निघतो. बहुधा ती दुकानातल्याच एखाद्या होतकरू मुलाकडे जाते. शेठ किल्ली हातात देतात, "घेऊन जा, आता तुझीच समज," असे म्हणतात, ठरलेली रक्कम पगारातून हप्त्याहप्त्याने वळती होते आणि व्यवहार पुरा झाला असे दोन्ही बाजूंना वाटते.

नाशिक जिल्ह्यातील कांद्याच्या एका बाजारपेठेत, आडत दुकानावर काम करणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाला अशीच एक स्प्लेंडर मिळाली. गाडी 2006 सालची. मुलाचे गाव बाजारापासून अकरा किलोमीटर. आयुष्यातले पहिले स्वयंचलित वाहन हाती आल्याचा आनंद मोठा होता. मात्र गाडी चालविण्यापलीकडे तिची काहीही माहिती त्याला नव्हती. जुनी गाडी प्रथमच घेणाऱ्या बहुतेकांची स्थिती याहून वेगळी नसते.

या गाडीची कुळकथा थोडी जाणून घेण्यासारखी आहे. 1984 साली भारतीय हिरो आणि जपानी होंडा यांची भागीदारी झाली. 1985 साली तिची पहिली मोटारसायकल सीडी 100 रस्त्यावर आली आणि 1994 मध्ये स्प्लेंडर. 50 मिलीमीटर व्यासाचा एकच आडवा सिलिंडर, 49.5 मिलीमीटरचा पिस्टनचा फेरा आणि 97.2 घनसेंटीमीटर क्षमता असे तिचे साधे, काटकसरी इंजिन. दोन्ही कंपन्यांची फारकत 2010-11 च्या सुमारास झाली. त्यामुळे ज्या टाकीवर ही दोन नावे एकत्र आहेत ती गाडी आज एका तपाहून जुनी समजावी. तरीही तिचे सुटे भाग तालुक्याच्या कोणत्याही गावी मिळतात, हे तिचे मोठे भाग्य.

सीडी 100 च्या काळात पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाची जाहिरात घरोघरी पोहोचली होती. नव्या गाडीपुरते ते बोलणे खपून गेले. वीस वर्षांच्या गाडीला मात्र विसरणेच मारक ठरते. जैन परंपरेत या विसरण्याला प्रमाद असे नाव आहे. क्षणभरही प्रमाद करू नये, हा भगवान महावीरांनी गौतमस्वामींना केलेला उपदेश उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात आहे. तो आत्मसाधनेसाठी आहे, यंत्रासाठी नाही, हे खरे. परंतु ज्या यंत्रावर स्वतःचा, मागे बसणाऱ्याचा आणि रस्त्यावरच्या अनेक जीवांचा भार असतो, त्याबाबतही सावधानतेचा अर्थ फार निराळा होत नाही.

दुकानाच्या वृद्ध मुनीमजींनी त्या मुलाला पहिल्याच दिवशी एक पातळ वही दिली. "नवे खाते उघडताना आरंभीची शिल्लक लिहितात. गाडीचीही लिही," एवढेच ते म्हणाले. पुढच्या रविवारी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मुलाने वहीत पहिली नोंद केली: तारीख, मीटरवरचा आकडा आणि प्रत्येक भागाची त्या दिवशीची अवस्था.

जुन्या गाडीच्या नव्या मालकाने प्रथम काय पाहावे, याला एक क्रम आहे. गाडी चालू होते की नाही हा प्रश्न दुसरा. थांबते की नाही हा पहिला. स्प्लेंडरच्या ड्रम ब्रेकला चाकाच्या पत्र्यावर एक खूण आणि ब्रेकच्या दांडीपाशी एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेला टेकला की आतले लायनर संपले, असे समजावे. त्यानंतर नट आवळत बसण्यात अर्थ नसतो. लायनर बदलावे लागतात. मुलाने पुढचा ब्रेक दाबला तेव्हा बाण खुणेच्याही पलीकडे गेला. मागच्या ब्रेकची स्थिती बरी होती. त्याने वहीत लिहिले, "पुढचा ब्रेक लायनर: संपलेला." त्याच आठवड्यात लायनर बदलून झाले. ड्रममधील काळी भुकटी तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी. ती श्वासात जाणे आरोग्याला घातक असते.

टायरवर नक्षी दिसत असली तरी रबराचे वय पाहावे. टायरच्या कडेला लंबवर्तुळात चार अंक असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. कडेला बारीक भेगा पडल्या असतील तर नक्षी शिल्लक असूनही टायर निवृत्त करावा. चेन मध्यभागी बोटाने वरखाली केली असता साधारण दोन ते तीन सेंटीमीटर हलावी. फार सैल चेन उतरते, फार ताठ चेन स्वतःबरोबर बेअरिंगही खाते. क्लच आणि ब्रेकच्या केबलचे टोकाशी तुटलेले तार, पेट्रोलच्या नळीच्या भेगा, हॉर्न, मागचा लाल दिवा यांची पाहणी अर्ध्या तासात होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

त्यानंतर इंजिनाकडे वळावे. तेलाची पातळी पाहताना गाडी सपाट जागी सरळ उभी हवी. उजव्या बाजूची तेलकांडी काढून पुसावी, आटे न आवळता नुसती टेकवावी आणि मग काढून पाहावी. मागच्या मालकाने तेल कधी बदलले, याचे उत्तर "अलीकडेच" असे येते. त्यावर विसंबू नये. तेल बदलून तो आकडा वहीत लिहावा, म्हणजे पुढचा हिशेब आपला. या गाडीत क्लचही त्याच तेलात बुडालेला असतो. म्हणून मोटारीसाठीचे उरलेले तेल घालण्याची काटकसर करू नये. क्लच घसरू लागतो. एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि टॅपेटचे अंतर ही उरलेली तीन कामे. टॅपेटचे अंतर मिलीमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते आणि ते इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजायचे असते. तेवढे काम जाणत्या फिटरकडून करून घेणे इष्ट.

एवढे सर्व होऊनही महिनाभरात गाडीने दगा दिला. घरून निघाल्यावर सहा-सात किलोमीटरवर, ओढ्याच्या पुलाच्या अलीकडे ती आचके देई आणि बंद पडे. दहा मिनिटे थांबले की पुन्हा चालू. एका गॅरेजमध्ये प्लग बदलला गेला. दुसरीकडे कॉइल तापत असल्याचे निदान झाले, कॉइलही बदलली. तिसऱ्याने कार्बोरेटर उघडून धुतला. पगाराचा मोठा हिस्सा गेला आणि गाडी पुलाच्या अलीकडेच थांबत राहिली. शेवटी तो मुलगा हताश होऊन मुनीमजींना म्हणाला, "मुनीमजी, आता एवढे इंजिन खोलायचे बाकी राहिले."

मुनीमजींनी चष्मा वर केला. "तेरीज जुळली नाही म्हणून कोणी सगळ्या चोपड्या नव्याने लिहितो का रे?"

हिशेबाची चूक शोधण्याची एक शिस्त व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. फरकाच्या रकमेला आधी नऊने भागून पाहतात. नि:शेष भाग गेला तर कुठे तरी अंकांची अदलाबदल झाली असावी, अशी शंका येते. 540 चे 450 लिहिले गेले की 90 चा फरक पडतो. मग त्या रकमेच्या निम्मी नोंद चुकीच्या बाजूला गेली आहे का, ते पाहतात. फरक स्वतःच आपल्या जागेकडे बोट दाखवतो, आणि एका वेळी एकच शंका तपासली जाते. गाडीचा दोष शोधण्याची रीत हीच आहे. पेट्रोलच्या इंजिनाला चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात: हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल, योग्य क्षणी ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब. गाडी बंद पडते तेव्हा या तिन्हींपैकी एक तरी गैरहजर असते. कोणती, ते आधी ठरवावे. भाग नंतर बदलावेत.

पेट्रोलची परीक्षा सोपी आहे. कॉक चालू आहे का, मुख्य साठा संपून रिझर्व्ह लावायचे राहिले आहे का, हे आधी पाहावे. नव्या मालकांच्या निम्म्या तक्रारी येथेच मिटतात. नंतर कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून पेट्रोल बाटलीत धरावे. अखंड धार आली तर पुरवठा ठीक. थोडे येऊन थांबले तर अडथळा वरच्या बाजूला आहे. बाटलीच्या तळाशी पाण्याचा थर किंवा गंज दिसला तर दुखणे टाकीत आहे. ठिणगीसाठी प्लग काढून, टोपी लावून, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून किक मारतात. हे करताना प्लग त्याच्या मोकळ्या भोकापासून दूर धरावा आणि जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे, अन्यथा आग लागण्याचा धोका असतो. जुन्या किकच्या स्प्लेंडरमध्ये ठिणगीची वीज बॅटरीवर अवलंबून नसते. त्यामुळे हॉर्न वाजत नाही म्हणून गाडी चालू होत नाही, हा तर्क तिला लागू पडत नाही. दाब पायालाच कळतो. किक लोण्यात पाय गेल्यासारखी खाली गेली तर वाल्व्ह किंवा पिस्टनच्या रिंगांचा विचार करावा लागतो.

काढलेला प्लगही पुष्कळ सांगतो. टोक विटकरी-तपकिरी असेल तर प्रकृती उत्तम. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, म्हणजे बहुधा एअर फिल्टर तुंबलेला. तेलकट ओला असेल तर इंजिन तेल जाळत आहे. पांढरट पडला असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन फार तापत आहे. धुराचेही तसेच. काळा धूर पेट्रोलचा, निळसर धूर तेलाचा. सकाळी चालू करतानाच क्षणभर निळा धूर येऊन थांबत असेल तर वाल्व्हची सील झिजली असण्याचा संभव असतो. वेग वाढविताना सतत येत असेल तर रिंगा. थंडीत सुरुवातीला येणारी पांढरी वाफ निरुपद्रवी असते.

मुनीमजींनी मुलाला विचारले, "गाडी नेहमी तितक्याच अंतरावर बंद पडते. थांबल्यावर चालू होते. मग दहा मिनिटांत बदलते तरी काय?" कॉइल थंड होते हे एक उत्तर होते, आणि म्हणूनच ती बदलली गेली होती. दुसरे उत्तर टाकीच्या झाकणात होते. टाकीतले पेट्रोल खाली उतरते तेव्हा त्याच्या जागी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात एक बारीक छिद्र असते. ते बुजले की आत निर्वात पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली येईनासे होते. थोडा वेळ थांबल्यावर हवा हळूहळू झिरपते आणि गाडी पुन्हा चालते. दोन शंकांमधून एक निवडण्यासाठी खर्चाची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी पुलाच्या अलीकडे गाडी बंद पडताच मुलाने न थांबता झाकण उघडले. सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला आणि वाटी भरण्यापुरते थांबून मारलेल्या किकला गाडी चालू झाली. वर्षानुवर्षांची धूळ आणि गंज यांनी बुजलेले छिद्र बारीक तारेने मोकळे झाले. खर्च शून्य. वहीत त्या दिवशी नोंद झाली, "फरक सापडला."

आता पेट्रोलचा प्रश्नही जुन्या गाड्यांसाठी महत्त्वाचा झाला आहे. पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल 2023 पासून टप्प्याटप्प्याने आले. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीच्या नळ्या, कॉकचे वॉशर आणि कार्बोरेटरची रबरे म्हणूनच एकदा बदलून घ्यावीत. ज्या घरांत चातुर्मासात प्रवासाची मर्यादा पाळली जाते तेथे गाडी महिनोन्‌महिने उभी राहते. अशा वेळी कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी, म्हणजे आत चिकट थर साचून बारीक छिद्रे बुजत नाहीत. टाकी अर्धी ठेवण्यापेक्षा भरलेली ठेवावी. आत हवा कमी म्हणजे ओल कमी, गंजही कमी.

दीर्घकाळ उभी राहिलेली गाडी चालू करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करावी. बॅटरीच्या खणात मुंग्या घर करतात, सायलेन्सरच्या तोंडात किंवा एखाद्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घरटे बांधते. किक मारण्याआधी वाकून पाहणे आणि मऊ पुंजणीने मुंग्यांना अलगद बाजूला करणे ही जयणा आहे आणि उत्तम देखभालही. बुजलेली नळी तेथेच सापडते. इंजिनातून काढलेले काळे तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. वाळवी लागू नये म्हणून ते लाकडांना फासण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. श्रावकाच्या घरी तिला जागा नसावी. डब्यात साठवून ते पुनर्वापरासाठी गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

मुलाची ती वही मुनीमजींच्या गादीवर एकदा राहून गेली आणि शेठजींच्या हाती लागली. कौतुकाने पाने उलटताना पहिल्याच पानावर ते थबकले. "पुढचा ब्रेक लायनर: संपलेला." पावसाळ्यापासून पुढचा ब्रेक लागत नव्हता, हे त्यांना ठाऊक होते. किल्ली देताना ते सांगायचे राहून गेले होते. मुलगा त्याच गाडीवर धाकट्या बहिणीला मागे बसवून कॉलेजला सोडत असे, हेही त्यांना माहीत होते.

ती चतुर्दशी होती. संध्याकाळी पाक्षिक प्रतिक्रमणात दुसऱ्या व्रताची आलोचना आली. श्रावकाने टाळावयाची जी पाच मोठी असत्ये शास्त्राने सांगितली आहेत, ती त्या ओळींत येतात: कन्येविषयी, गायीविषयी, भूमीविषयी, ठेवीविषयी आणि खोट्या साक्षीविषयी. गायीविषयीचे असत्य म्हणजे जनावराचा व्यवहार करताना त्याचा दोष लपविणे. शेठजींनी या ओळी हजार वेळा म्हटल्या असतील. त्या संध्याकाळी गायीच्या जागी त्यांना भिंतीलगत उभी असलेली स्प्लेंडर दिसली. आपण खोटे बोललो नाही, केवळ बोललो नाही, या समर्थनाने त्यांचे समाधान झाले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लायनरची रक्कम मुलाच्या खात्यावर जमा केली आणि राहिलेले दुसरे कामही काढले. गाडीचे आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर होते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवावयाचे असते. त्यासाठी 29 व 30 क्रमांकांचे नमुने आहेत. ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच नुकसानभरपाईच्या दाव्यात मालक समजला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे. गाडी हातोहात कितीही फिरली तरी कागदावरच्या नावाची जबाबदारी सुटत नाही. विम्याची पॉलिसीही नव्या मालकाच्या नावे करून घ्यावी लागते. दुचाकीची नोंदणी प्रथम 15 वर्षांची असते, नंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबरप्लेटही आवश्यक झाली आहे. ही सर्व कामे शेठ आणि मुलगा यांनी एकाच फेरीत मार्गी लावली.

जुनी गाडी कायम सांभाळलीच पाहिजे, असे मात्र नाही. चासी गंजून तडकली असेल, चाके एका रेषेत राहत नसतील, वर्षाचा दुरुस्तीखर्च गाडीच्या किमतीला ओलांडू लागला असेल, तर तिला नोंदणीकृत भंगार केंद्रात देऊन नोंदणी रद्द करून घ्यावी. सांभाळणे अपरिग्रहाला पूरक आहे, कारण एक वस्तू पुरेपूर वापरली की दुसरीची गरज लांबते. चिकटून राहणे ही आसक्ती होय, आणि ती धोकादायक गाडीबाबत इतरांच्याही जिवावर बेतू शकते.

त्या स्प्लेंडरवर अद्याप ती वेळ आलेली नाही. पुढच्या धनत्रयोदशीला त्या दुकानातून आणखी एक जुनी स्कूटर दुसऱ्या नोकराकडे गेली. या खेपेस किल्लीबरोबर एक कागद होता. त्यावर शेठजींनी स्वतःच्या अक्षरात स्कूटरचे चार दोष लिहिले होते, आणि खाली 29 व 30 क्रमांकांचे नमुने सही करून जोडले होते.